वाचकांचे प्रश्न: पॅनेल ओढलं की लेआउट का मोडतो?

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळी एकाच दुखण्याची आहेत, स्क्रीन लहानमोठी झाली किंवा वापरणाऱ्याने पॅनेल ओढून रुंद केलं की मोठ्या वेब ॲप्लिकेशनचा लेआउट विस्कटतो. इथे आपण बातम्यांच्या किंवा माहितीच्या साइटबद्दल बोलत नाही, ज्यात माणूस सकाळी लॉगिन करतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातच काम करतो अशा सॉफ्टवेअरबद्दल बोलतोय. त्याचे नियम वेगळे आहेत म्हणून सहा पत्रं सविस्तर घेतलीत.

ताई, मी हिंजवडीत फ्रंटएंड बघतो. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी डॅशबोर्ड आहे, डावीकडे गाड्यांची लिस्ट, मधे मॅप, उजवीकडे निवडलेल्या गाडीची माहिती, खाली ट्रिपचं टेबल. आमच्या मॉनिटरवर छान दिसतं पण क्लायंटच्या लॅपटॉपवर मॅप बोटभर उरतो. ११ ब्रेकपॉइंट झालेत, अजून कुठला टाकू?

एकही टाकू नका. ब्रेकपॉइंट म्हणजे ज्या रुंदीला लेआउट बदलायचा तो ठरवलेला आकडा, आणि तुमचं दुखणं आकड्यांचं नाही. आधी क्लायंटच्या लॅपटॉपवर ब्राउझरला खरी रुंदी किती मिळतेय ते बघा. फुल एचडी लॅपटॉप म्हणजे १९२० असं आपण धरून चालतो, पण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल तर ब्राउझरच्या हिशोबात ते १५३६ होतात, १५० टक्के असेल तर सरळ १२८०, आणि वर कुणी अक्षर बारीक दिसतंय म्हणून झूम वाढवला असेल तर त्याहून कमी. म्हणजे तुमच्या टेबलावरचा मॉनिटर आणि त्यांचा लॅपटॉप कागदावर सारखे असले तरी जागा सारखी नाही.

आता ब्रेकपॉइंट का पुरत नाहीत ते सांगते. ब्रेकपॉइंट ज्यावर चालतात ती सीएसएसमधली मीडिया क्वेरी विचारते की अख्खी खिडकी किती रुंद आहे. तुमच्याकडे युजरने एका गाडीवर क्लिक केलं, उजवं पॅनेल उघडलं, मॅपची ३६० पिक्सेल जागा गेली, आणि खिडकी मात्र होती तेवढीच आहे, मग ब्रेकपॉइंटला कळणार कुठून? २०१० मधे ईथन मार्कॉटने रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हा शब्द मांडला तेव्हा समोर पान होतं, एकाखाली एक वाहत जाणारं, तिथे खिडकीची रुंदी म्हणजेच मजकुराची रुंदी. तुमच्याकडे पेटीत पेटी आहे, त्यामुळे प्रत्येक तुकड्याने आपल्या पेटीलाच विचारलं पाहिजे. त्यासाठी खिडकीऐवजी पेटीची रुंदी विचारणाऱ्या कंटेनर क्वेरी आहेत, क्रोममधे ऑगस्ट २०२२ पासून, सफारीत सप्टेंबर २०२२ पासून, फायरफॉक्समधे फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे आता बिनधास्त वापरा. पॅनेलला कंटेनर-टाइप इनलाइन-साइज द्या आणि आतल्या कार्डाला सांगा की पॅनेल ३२० च्या खाली गेलं तर असं दिस, वर गेलं तर तसं. एकच सांभाळा, ज्याला कंटेनर केलं त्याची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरत नाही. त्यामुळे ग्रिड (सीएसएसची ओळी-कॉलमची चौकट) ज्याला जागा देतो अशा पॅनेललाच ते लावा, मजकुराएवढ्या होणाऱ्या डब्याला लावलंत तर तो शून्य रुंदीचा होऊन बसेल आणि तुम्ही तासभर शोधत बसाल.

पण कोड उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, जागा कमी पडली तर आधी कोण माघार घेणार. मला विचाराल तर सगळ्या लेआउटचं काम इथेच होतं, बाकी सगळं टायपिंग. तुमच्या ॲपमधे मी असं लिहीन: मॅप ४८० च्या खाली जाणार नाही. सगळ्यात आधी उजवं पॅनेल जागा सोडणार आणि मॅपवर ड्रॉवरसारखं येणार, मग खालचं टेबल घडी होऊन एका पट्टीत जाणार, अगदीच झालं तर डावी लिस्ट आकसून फक्त रंगाचा ठिपका आणि गाडी नंबर दाखवणार. नंबर मात्र कधीच कापायचा नाही, कारण एमएच १२ आणि पुढे तीन टिंबं दिसून डिस्पॅचवाल्याला काय कळणार, पुण्यातल्या बहुतेक गाड्यांवर एमएच १२ च असतं. आणि ही यादी एकट्याने करू नका, त्यांच्या डिस्पॅचच्या खोलीत जाऊन दोन तास बसा, ते कुठल्या कोपऱ्याकडे सारखं बघतात ते बघा.

उलटं पण ठरवा, जागा जास्त झाली तर कोणाला द्यायची. सगळ्यांना टक्केवारीत वाटली की मोठ्या मॉनिटरवर डावी लिस्ट उगाच पसरते आणि नंबर एकीकडे, स्टेटस दुसरीकडे, डोळ्यांना मधे प्रवास. बाजूची पॅनेलं पिक्सेलमधे, मधला १ एफआर, म्हणजे ग्रिडमधे उरलेली सगळी जागा त्याला. व्हीएस कोड या कोड एडिटरची खिडकी ताणून बघा, साइडबार आहे तेवढाच राहतो, वाढलेली जागा एडिटरला जाते.

नाशिकहून: फ्लेक्समधे दोन पॅनेल आहेत. एखाद्याचा ईमेल लांब असला की डावं पॅनेल उजव्याला स्क्रीनबाहेर ढकलतं. ओव्हरफ्लो हिडन टाकलं तर पॅनेलमधले ड्रॉपडाउन कापले जातात.

फ्लेक्स म्हणजे डबे एका ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत. त्यातल्या प्रत्येक पोराची, म्हणजे आतल्या प्रत्येक डब्याची, मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात ऑटो असते, म्हणजे आतल्या सगळ्यात लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा मी लहान होणार नाही असं ते म्हणतं. पॅनेलला मिन-विड्थ ० द्या, सुटलं. ग्रिडमधे हेच १ एफआरच्या बाबतीत होतं, तिथे नुसतं १ एफआर न लिहिता मिनमॅक्समधे खालची मर्यादा ० आणि वरची १ एफआर लिहा. पेटीत पेटी असेल तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर हे द्यावं लागतं, मधली एक राहिली की परत तेच. मग ईमेलच्या डब्यालाच ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारं कापणं) आणि एलिप्सिस (शेवटी तीन टिंबं) द्या, पॅनेलला नको. ड्रॉपडाउनसाठी पॉपओव्हर ॲट्रिब्यूट वापरा, ते सगळ्यांच्या वर, टॉप लेयरमधे काढलं जातं, पॅनेल त्याला कापू शकत नाही. एप्रिल २०२४ पासून तिन्ही मोठ्या ब्राउझरमधे आहे.

मॅडम, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमधे डावीकडे कोड एडिटर आणि उजवीकडे आयफ्रेममधे प्रिव्ह्यू आहे. मधला पट्टा ओढताना माउस प्रिव्ह्यूवर गेला की पट्टा थांबतो, आणि बटण सोडून परत आलं तरी पट्टा माउसला चिकटून फिरतो. शिवाय ओढताना झटके बसतात ते वेगळंच.

छान प्रोजेक्ट घेतलायस. पट्टा थांबतो कारण आयफ्रेम हे तुझ्या पानात बसवलेलं वेगळं डॉक्युमेंट आहे, माउस त्याच्यावर गेला की हालचालीच्या खबरा त्याला जातात, तुझ्या पानाला नाही, आणि बटण सोडल्याची खबरसुद्धा तिकडेच जाते म्हणून तुझ्या पट्ट्याला वाटतं की अजून ओढणं चालूच आहे. माउस इव्हेंट सोड, पॉइंटर इव्हेंट घे. पॉइंटरडाउनला पट्ट्यावर सेट-पॉइंटर-कॅप्चर कर, म्हणजे पुढच्या सगळ्या हालचाली माउस कुठेही असला तरी पट्ट्यालाच येतील. वर मी अजून एक करते, ओढणं चालू आहे तोवर आयफ्रेमला पॉइंटर-इव्हेंट्स नन देते. ओढणं संपल्याचं फक्त पॉइंटरअपवर अवलंबून ठेवू नकोस, लॉस्ट-पॉइंटर-कॅप्चरवर ठेव, कारण मधेच टचस्क्रीनवर जेश्चर सुरू झालं किंवा सिस्टिमने पॉइंटर काढून घेतला तर पॉइंटरअप येतच नाही. पट्ट्याला टच-ॲक्शन नन दे नाहीतर टॅबलेटवर ओढायला गेलं की पान स्क्रोल होतं. दिसणारी रेघ एक पिक्सेलची असू दे, पण पकडायची जागा माउससाठी आठ-दहा पिक्सेल आणि बोटासाठी २४ तरी पाहिजे.

आता झटके. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि त्यात तुझा जावास्क्रिप्ट, ब्राउझरचं लेआउट, रंगवणं सगळं बसायला हवं. तू बहुतेक प्रत्येक पॉइंटरमूव्हला रिॲक्ट लायब्ररीची स्टेट बदलतोयस, म्हणजे स्क्रीन पुन्हा काढायला लावतोयस, किंवा स्टाइल बदलून लगेच ऑफसेट-विड्थ (डब्याची रुंदी) वाचतोयस. स्टाइल लिहिली की लगेच मोजमाप विचारलं तर ब्राउझरला हातातलं सोडून तिथल्या तिथे अख्खं लेआउट परत काढावं लागतं, आणि हे एका ओढण्यात शेकडो वेळा. मोजमाप सगळं पॉइंटरडाउनलाच घेऊन ठेव. माउस पट्ट्याच्या कडेपासून किती आत पडला तेही तेव्हाच लक्षात ठेव, नाहीतर पकडल्या पकडल्या पट्टा दोन-चार पिक्सेल उडी मारतो. पॉइंटरमूव्हमधे फक्त आकडा साठव, रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेममधे तो एका सीएसएस व्हेरिएबलमधे लिही आणि ग्रिडचे कॉलम त्या व्हेरिएबलवर चालू देत. स्टेट फक्त सोडल्यावर, एकदाच.

प्रिव्ह्यूमधे किंवा पुढे कुठेही चार्ट टाकलास तर विंडोच्या रिसाइज इव्हेंटवर विसंबू नकोस, पॅनेल ओढल्यावर खिडकी बदलतच नाही त्यामुळे तो इव्हेंट येत नाही. रिसाइझ-ऑब्झर्व्हर लाव, डब्याचं माप बदललं की तो कळवतो, तो क्रोममधे जानेवारी २०१८ ला आला, सफारीत मार्च २०२० ला. त्याच्या कॉलबॅकमधे तू त्याच डब्याची मापं बदललीस तर लूपची एरर येते. चार्टचा कॅनव्हास बाहेरच्या डब्यात ॲब्सोल्यूट ठेवून ऑब्झर्व्हर त्या बाहेरच्या डब्यावर लावला की कॅनव्हासमुळे डबा फुगत नाही आणि लूप तुटतो.

तुला गंमत वाटेल, नव्वदच्या दशकात फ्रेमसेट नावाचा प्रकार होता, दोन फ्रेममधली कड आपोआप ओढता यायची, उलट ओढू द्यायची नसेल तर नोरिसाइज असं लिहावं लागायचं. एचटीएमएल ५ ने फ्रेमसेट काढून टाकला आणि ते योग्यच झालं, त्यात दुसऱ्या अडचणी भरपूर होत्या, पण तेव्हापासून पट्ट्याची सगळी जबाबदारी आपल्यावर आली, कीबोर्डची पण. ते खाली नागपूरच्या पत्रात नक्की वाच.

ठाण्याहून, एका प्रॉडक्ट टीममधून: आमचे युजर पॅनेलं स्वतःच्या सोयीने लावतात आणि दर रिलीजला किंवा मशीन बदललं की सगळं उडतं म्हणून चिडतात. नेमकं काय सेव्ह करावं, पिक्सेल की टक्के? ब्राउझरमधे की सर्व्हरवर?

चिडणं रास्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरवर काम करत होते. तिथे एक टेक्निशियन बाई होत्या, त्यांनी रिमार्कचा कॉलम जवळपास अर्ध्या स्क्रीनएवढा करून ठेवला होता, कारण डॉक्टरांच्या लांब सूचना त्यांना एका नजरेत वाचायच्या असायच्या. आम्ही एक रिलीज काढला, कॉलमची आतली नावं बदलली होती, सेव्ह केलेलं सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं की आज एका पेशंटच्या सूचनेची दुसरी ओळ मला दिसलीच नाही. सुदैवाने पुढच्या टेबलावर ती पकडली गेली. तेव्हापासून मी एवढंच मानते, युजरने लावलेली रुंदी ही युजरची वस्तू आहे, ती आपण हलवायची नाही.

बाजूच्या पॅनेलची रुंदी पिक्सेलमधे ठेवा, कारण त्यातला मजकूर स्क्रीन मोठी झाली म्हणून लांब होत नाही. दोन समान दर्जाची पॅनेलं शेजारी असतील, उदाहरणार्थ जुनं आणि नवं बिल, तर प्रमाण ठेवा. कुठलं पॅनेल उघडं, कॉलमचा क्रम काय, हे सर्व्हरवर खात्याबरोबर जाऊ द्या, आणि प्रत्यक्ष आकडे त्या त्या मशीनच्या ब्राउझरमधे, कारण ऑफिसचा मोठा मॉनिटर आणि घरचा लॅपटॉप यांना एकच आकडा लागू पडत नाही. सेव्ह करताना बरोबर आवृत्तीचा नंबर ठेवा, नावं बदलली तर जुन्यावरून नवं करणारं छोटं फंक्शन रिलीजमधेच गेलं पाहिजे.

आणि जी चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते ती ही. माणसाने मॉनिटरवर पॅनेल ६०० ला लावलं, मग लॅपटॉप काढून मीटिंगला नेला, जागा नाही म्हणून ॲपने ते ३२० केलं, इथपर्यंत ठीक, पण ॲपने ते ३२० सेव्हसुद्धा करून टाकलं. परत मॉनिटर जोडला, ६०० गेले ते गेले. म्हणून दोन आकडे वेगळे धरा, एक युजरला हवा असलेला आणि एक आत्ता देता येतो तो. सेव्ह फक्त पहिला करायचा आणि तोही फक्त युजरने स्वतः पट्टा ओढला तरच. लोड करताना मात्र दुसरा आकडा दर वेळी नव्याने मर्यादेत बसवून घ्या, नाहीतर कधीतरी एखादं पॅनेल स्क्रीनच्या बाहेर उघडेल आणि त्याचा पट्टासुद्धा हाताला लागणार नाही. पट्ट्यावर डबल क्लिक केलं की मूळ रुंदी आणि मेनूत ‘मांडणी पूर्ववत करा’, हे दोन्ही द्याच.

नागपूरहून: माझी नजर कमी आहे, अकाउंट्समधे आहे, ब्राउझर ४०० टक्के झूम करून काम करते. ऑफिसच्या नव्या प्रोग्रॅममधे वरच्या पट्ट्या आणि मेनूच सगळी स्क्रीन खातात, मधे एखादी ओळ दिसते. पॅनेलचा पट्टा मला माउसने सापडत नाही. सगळे म्हणतात तुमच्या झूममुळे होतं. ही अडचण माझी आहे की प्रोग्रॅम करणाऱ्यांची?

प्रोग्रॅम करणाऱ्यांची. तुमची अजिबात नाही.

हिशोबच मांडते म्हणजे तुम्हाला पुढे दाखवता येईल. १२८० बाय ७२० ची जागा ४०० टक्क्यांवर ३२० बाय १८० होते. वर ६४ चं हेडर, ४८ ची टूलबार, ४० चे टॅब, तिन्ही चिकटून बसलेले, म्हणजे १५२ गेले, उरले २८. त्यात एकच ओळ मावते, तुम्हाला दिसतेय तेवढीच. डब्ल्यूसीएजी २.१ हे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचं जून २०१८ चं मानक आहे, त्यात रिफ्लो नावाचा नियम आहे की ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवंउभं दोन्हीकडे स्क्रोल न करता वाचता आला पाहिजे. आणि ३२० हा आकडा १२८० च्या ४०० टक्क्यांवरूनच आलाय, म्हणजे तुम्ही करता तेवढा झूम मानकाने आधीच धरलेला आहे. मोठ्या डेटा टेबलला आणि मॅपला आडव्या स्क्रोलची सूट आहे, पण ती त्या टेबलापुरती, मेनू आणि फॉर्मला नाही.

पट्ट्याबद्दल ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मधे स्पष्ट आहे, जे ओढून होतं ते न ओढता साध्या क्लिकनेही झालं पाहिजे, आणि क्लिक करायची जागा किमान २४ बाय २४. म्हणजे रुंद करा, अरुंद करा अशी बटणं हवीत, नुसता कीबोर्ड दिला म्हणून हा नियम पूर्ण होत नाही. कीबोर्ड त्याशिवाय वेगळा हवा: पट्ट्याला सेपरेटर हा रोल, म्हणजे हे काय आहे याची स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी ओळख, टॅबने तिथे पोचता आलं पाहिजे, बाणांनी सरकला पाहिजे, होमने सगळ्यात लहान, एंडने सगळ्यात मोठं, एंटरने पॅनेल मिटणं-उघडणं, आणि स्क्रीन रीडरला आत्ताची किंमत कळली पाहिजे.

तुमच्या आयटीवाल्यांना हे पत्र जसंच्या तसं द्या. पहिली दुरुस्ती त्यांना अवघड नाही, खिडकीची उंची साधारण ५०० च्या खाली गेली की पट्ट्या चिकटवणं बंद करायचं, मीडिया क्वेरीत उंची विचारता येते, फक्त कोणी विचारत नाही. तेवढ्याने तुम्हाला स्क्रोल केल्यावर बहुतेक सगळी स्क्रीन परत मिळेल. आणि ही पत्रं वाचणाऱ्या डेव्हलपर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, आज घरी जायच्या आधी आपलं ॲप ४०० टक्क्यांवर उघडा आणि एक नोंद पूर्ण करून बघा.

साताऱ्याहून: बचत गटांच्या हिशोबाचं ॲप करतोय, इंग्रजी आणि मराठी. इंग्रजीत नीट दिसतं, मराठी केलं की टेबलात रफार आणि उकार कापले जातात, बटणांतलं अक्षर बाहेर येतं.

तुमच्या ओळीची उंची पिक्सेलमधे पक्की केलेली असणार, बहुतेक २४ किंवा २८, आणि डब्याला ओव्हरफ्लो हिडन. रोमन अक्षराला ते पुरतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार आणि त्यात जोडाक्षर एकाखाली एक रचलेलं. लाइन-हाइट एककाशिवाय १.६ च्या आसपास द्या, हाइटच्या जागी मिन-हाइट करा. बटणाची रुंदी ठरवूच नका, आतल्या पॅडिंगवर सोडा. रुंदी सीएच एककात मोजली असेल तर तेही काढा, ते त्या फॉन्टमधल्या ० या आकड्याच्या रुंदीवर चालतं, ‘स्वाक्षरी’ किंवा ‘अध्यक्ष’ किती जागा घेईल त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

लेटर-स्पेसिंग मराठीत शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. पानाला भाषा एमआर (मराठीचा कोड) सांगा, चांगल्या फॉन्टमधे ल आणि श ची मराठी वळणं त्यामुळे मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आणि जावास्क्रिप्टने अक्षरं मोजून नाव कापत असाल तर लगेच थांबवा, ‘क्षीरसागर’ मधल्या ‘क्ष’ मधेच कापलं गेलं तर पाय मोडलेला क् लोंबत राहतो. कापायचंच तर सीएसएसच्या एलिप्सिसवर सोडा.

पण सभासदांची नावं मी कापणारच नाही, दोन ओळी झाल्या तरी चालतील, जागा हवी तर तारखेच्या कॉलममधून घ्या. गटाच्या बैठकीत एक बाई मोबाइलवर यादी वाचते आणि दुसरी पासबुकं जुळवते, एकाच गावात दोन सुवर्णा पवार असतात, आणि त्यांना वेगळं ओळखायला मधलं नावच लागतं.